भेकराचं पान जड झालं

एक जंगल होतं. जंगल म्हटलं की वाघ आला, आणि वाघ आला की राजा कोण हा प्रश्न उरत नाही. तरी तिथे अधूनमधून निवडणूक होत असे. वाघ उभा राही, बाकीचे बसून राहत. निकाल लवकर लागे आणि सगळे ऊन व्हायच्या आत घरी जात.

त्या जंगलात काळडोह नावाचा डोह होता. उन्हाळ्यात ओढे सुकले की सगळ्या जनावरांना पाण्यासाठी तिथेच यावं लागे. आधी कोण पिणार यावरून पूर्वी तिथे रोज रक्त सांडायचं. पाणी लाल झालं की वाघालाही ते पिववेना. म्हणून कुणा शहाण्या पूर्वजाने पानांचा खेळ काढला.

खेळ साधा होता. पळसाच्या वाळक्या पानांवर बिब्ब्याच्या शाईने जनावरांची चित्रं काढायची. ज्याचं चित्र, त्याचे गुण खाली. वाघ : नखं दहा. गवा : शिंगं सात. ससा : वेग नऊ. रोज संध्याकाळी पिण्याआधी डोहाकाठच्या सपाट खडकावर एक डाव व्हायचा. राजाच्या बाजूने एक जण पानं टाकी, बाकीच्यांच्या बाजूने एक जण. जड पान हलक्या पानाला उलटं करी. ज्याचं पान उलटं पडलं, त्या जनावराने डोळे मिटून बसायचं आणि बाकीच्यांनी निवांत पाणी प्यायचं. सगळ्यांचं पिऊन झालं की जिंकलेल्याने ओरडायचं, “डोळे उघडा!” मग उरलेल्यांनी प्यायचं. डोळे मिटलेल्याला कुणी हात लावायचा नाही, आणि ज्याचं पानच खेळात नाही, त्याला पाणी नाही. एवढेच नियम. ते कुणी लिहून ठेवले नव्हते, म्हणून सगळ्यांना पाठ होते.

पानं रंगवायचं काम वानरांकडे होतं. वानरं पाच पानांचा पुडा करून त्याला बाभळीचा काटा टोचत आणि फळांच्या बदल्यात विकत. आत कुठली पानं निघतील ते घेणाऱ्याला कळत नसे. दहा पुडे घेतले तर नऊंत बेडूकच निघे. लाखेने चमकवलेला वाघ कुणाला मिळाला, तर ते जनावर आठवडाभर मान ताठ करून चाले. बाकीच्यांना पानं साठवायचा एवढा नाद लागला की काही सशांच्या बिळात पिल्लांना जागा उरली नाही.

आता एवढ्या पानांत एक पान विचित्र होतं. भेकराचं. भेकर म्हणजे बुटकं हरीण. त्याच्या पानावर नखं नाहीत, शिंगं नावालाच, वेग बेताचा. खाली एकच गुण : भुंकणे. वाघ दबा धरून बसला की भेकर त्याला आधी पाहतं आणि कुत्र्यासारखं भुंकतं. मग सगळं रान सावध होतं आणि वाघ उपाशी घरी जातो. म्हणून खेळातही तसंच ठरलं होतं : भेकराचं पान पडलं की वाघाचं पान उलटं.

त्यामुळे बहुतेक संध्याकाळी काळडोहावर एक गंमत दिसे. जंगलाचा राजा खडकावर डोळे मिटून बसलेला, आणि त्याच्यासमोर ससे, चितळं, रानकोंबड्या गटागटा पाणी पिताहेत.

जनावरांच्या बाजूने पानं टाकायची ती साळूमावशी. ही म्हातारी साळिंदर. तिची बोटं चपळ आणि जीभ तिच्या काट्यांपेक्षा टोकदार. राजाच्या बाजूने खेळायचा कोल्हा. त्याला सगळे सचिवसाहेब म्हणत.

“टाका सचिवसाहेब, टाका तुमचा दहा नखांचा,” साळूमावशी म्हणायची. “आमची काजळी वाट बघतेय.”

काजळी म्हणजे डोहाच्या बाजूला राहणारी एकुलती एक भेकरी. डोळ्यांपासून कपाळापर्यंत दोन काळ्या रेघा, म्हणून काजळी. त्या उन्हाळ्यात तिच्या पायाशी एक पाडस होतं, ठिपक्या. त्याचे पाय अजून नीट ठरत नव्हते. आपलं पान खेळात काय करतं याच्याशी काजळीला फारसं घेणंदेणं नव्हतं. ठिपक्याचं तोंड रोज पाण्याला लागावं आणि वाघाचं तोंड ठिपक्याला लागू नये, एवढंच तिला हवं होतं.

एका संध्याकाळी महाराज डोळे मिटून बसले होते. शेजारी कोल्हा बसला होता.

“सचिव,” महाराज हळूच म्हणाले, “हा घोट घेतल्याचा आवाज कुणाचा?”

“सशाचा, महाराज.”

“आणि हा?”

“तोही सशाचाच. दुसऱ्या.”

“मला भूक लागली आहे.”

“महाराज,” कोल्हा म्हणाला, “ही आपली भूक नाही. हा खेळाचा असमतोल आहे.”

महाराजांना हे फार आवडलं. भुकेला इतकं चांगलं नाव असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समतोल समिती नेमली गेली. अध्यक्ष कोल्हा. सदस्य रानडुक्कर, कारण ते राजाच्या बाजूचं होतं. दुसरा सदस्य कासव, कारण ते कुणाच्याच बाजूचं नव्हतं. ते झोपलेलं होतं. समितीच्या पहिल्या बैठकीत कोल्हा खडकावर उभा राहून म्हणाला :

“बंधूंनो आणि भगिनींनो! भेकराबद्दल आम्हाला आदर आहे. भेकर आमचा अभिमान आहे. पण ज्याला एकही नख नाही, अशा पानाने दहा नखांचं पान उलटं व्हावं, हा दहाही नखांवर अन्याय आहे. भेकराचं पान जड झालं आहे. आम्ही भुंकण्याच्या विरोधात नाही. भुंकणं हा प्रत्येक भेकराचा जन्मसिद्ध हक्क आहे. फक्त तो वाघाने उडी मारल्यानंतर बजावावा!”

रानडुकराने टाळ्या वाजवल्या. कासवाने मान आत घेतली, ती संमती धरण्यात आली.

“उडी मारल्यावर भुंकून काय करायचं?” साळूमावशीने विचारलं.

“निषेध,” कोल्हा म्हणाला.

त्याच बैठकीत आणखी एक छोटी दुरुस्ती झाली. महाराजांना कुणा साळिंदराने ‘डोळे उघडा’ म्हणायचं आणि महाराजांनी ते ऐकायचं, हे राजपदाला शोभत नव्हतं. म्हणून ठरलं की यापुढे डोळे उघडण्याचा हुकूम फक्त महाराज देतील. स्वतःला आणि इतरांनाही. ही दुरुस्ती इतकी लहान होती की तिच्यावर कुणी बोललं नाही.

वानरांनी ताबडतोब भेकराची नवी पानं काढली. जुनी पानं बाद झाली. ज्यांनी फळं देऊन जुनी घेतली होती त्यांनी आणखी फळं देऊन नवी घेतली. वानरांचा मुख्य समितीला भेटून म्हणाला, “साहेब, असा समतोल दर महिन्याला साधत चला.”

पुढच्याच आठवड्यात काजळी ठिपक्याला घेऊन करवंदीच्या जाळीत चरत होती. गवत हललं. तिने पट्टे पाहिले. पाय आपटून ती भुंकली. चितळं उधळली, वाघ चरफडत उठला आणि निघून गेला.

दुपारी तिला समितीपुढे उभं केलं.

“तू महाराजांच्या उडीआधी भुंकलीस,” कोल्हा म्हणाला.

“भुंकले. माझं पोर होतं तिथे.”

“तुझ्या पानावर काय लिहिलंय?”

“ते खेळातलं ना? हे तर खरं होतं. खरा वाघ, खरं पोर.”

कोल्ह्याने रानडुकराकडे पाहिलं. रानडुकराने कोल्ह्याकडे पाहिलं. असा मुद्दा आजवर कुणी काढला नव्हता.

“हेच ते,” कोल्हा म्हणाला. “पानावर एक आणि वागणं एक! मग खेळावर कुणाचा विश्वास राहील? पान बदललं की जनावराने बदलायला नको?”

त्या दिवसापासून नियम झाला : जसं पान, तसं जनावर. आधी जनावर पाहून पान रंगवत. आता पान पाहून जनावर तपासू लागले. सशाचा वेग नऊचा चार झाला होता, कारण तो कोल्ह्यांना जड जात होता. म्हणून ससे चारच्या वेगाने पळू लागले. मागे कोल्हा लागला तरी चारच. कुणी घाबरून पाचने पळाला, तर त्याला नियमभंगाबद्दल पकडत, आणि तो आधीच पकडलेला असल्यामुळे फार धावपळ होत नसे. कासव समितीवर होतं, त्याचा वेग वाढवून सहा केला. ते काही पळेना. तेव्हा दोन तरसं त्याला पाठीवर घेऊन धावू लागली. झोपेतच ते सगळीकडे वेळेवर पोचे. याला प्रगती म्हणत.

जंगलात कुरबूर सुरू झाली. विरोधी पक्षनेता होता गवा. त्याला सगळे गवेआबा म्हणत. देह एवढा मोठा की तो नुसता उभा राहिला तरी मोर्चा निघाल्यासारखं वाटे. त्याने डोहाच्या उतारावर सभा घेतली.

“आज भेकर, उद्या कोण?” गवेआबा गरजला. “भेकराच्या केसालाही धक्का लागला, तर माझ्या या सात शिंगांशी गाठ आहे!”

“शिंगं दोनच आहेत, आबा,” मागून रानकोंबडा म्हणाला.

“पानावर सात आहेत!” गवेआबा म्हणाला, आणि प्रचंड टाळ्या पडल्या. “बोला, काजळी तुम आगे बढो!”

काजळी पुढे येईना. तिला ठिपक्याला घेऊन सावलीत जायचं होतं. पण तिला ओढून पुढे आणलं आणि गळ्यात घाणेरीच्या फुलांचा हार घातला. ठिपक्याने हार खाल्ला.

समितीने गवेआबाला चर्चेला बोलावलं. चर्चा दोन घटका चालली. गवेआबा बाहेर आला तेव्हा त्याच्या पानावर शिंगं आठ झाली होती.

“आबा, आमचं काय झालं?” काजळीने विचारलं.

“चर्चा सकारात्मक झाली, बाई,” गवेआबा म्हणाला. “तूही जरा समजून घे. सारखं भुंकणं बरं नव्हे. बाहेरच्या जंगलांत आपली काय प्रतिमा होते?”

पुढच्या दुरुस्तीत भेकराच्या पानावर ‘भुंकणे’च्या पुढे ‘मनातल्या मनात’ असं आलं.

साळूमावशी हार मानणारी नव्हती. संध्याकाळी तिने खडकावर भेकराचं पान टाकलं आणि म्हणाली, “भुंकलं. मनातल्या मनात. वाघ उलटा करा.”

“भुंकलं कशावरून?” कोल्हा म्हणाला.

“नाही भुंकलं कशावरून?”

यावर समितीत घनघोर चर्चा झाली. रानडुक्कर म्हणालं, पानाला कान लावून बघावं. त्याने कान लावला. त्याला काही ऐकू आलं नाही. पण मनातलं असल्यामुळे ते तसंच असायला हवं, असंही त्याला वाटलं. वाद चालू असताना महाराज खडकावर एक डोळा मिटून आणि एक उघडा ठेवून बसले होते, कारण निर्णय प्रलंबित होता. शेवटी त्यांनाच ते अवघड झालं.

“हे पानच नको,” महाराज म्हणाले.

पण बंदी हा शब्द वाईट दिसतो. म्हणून भेकराच्या पानाला सन्मानाने निवृत्त करायचं ठरलं. मोठा कार्यक्रम झाला. मोरांनी स्वागतगीत म्हटलं. काजळीला खडकावर बोलावून तिच्या पाठीवर केळीच्या पानाची शाल घातली आणि पुढ्यात नारळ ठेवला. कोल्ह्याचे डोळे भरून आले. तो म्हणाला की भेकराचं या खेळातलं योगदान जंगल कधीही विसरणार नाही.

कार्यक्रम संपल्यावर काजळी ठिपक्याला घेऊन पाण्याकडे वळली. वाटेत रानडुक्कर आडवं उभं होतं.

“तुझं पान?”

“आत्ताच तर निवृत्त केलंत.”

“मग पाणी नाही. नियम तुला माहीत आहे.”

“अहो, पण शाल घातलीत ना आत्ता?”

“शाल घातली,” रानडुक्कर म्हणालं. “पाण्याचं कुणी काही बोललं नाही.”

काजळीला नारळ फोडता येत नव्हता. त्यात पाणी असतं, हे तिला हलवल्यावर ऐकू येत होतं. ठिपक्या तो चाटत बसला.

त्यानंतर दोघं पहाटेचं दव चाटून आणि आवळे चघळून दिवस काढू लागली. ठिपक्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. दुपारी तो टेकडीवरून डोहाकडे बघत राही आणि विचारी, “आई, पाणी आपल्याला ओळखत नाही का?”

“पाणी ओळखतं रे,” काजळी म्हणे. “काठावरचे ओळखत नाहीत.”

इकडे डोहावर आता रोज महाराज जिंकत. दहा नखांपुढे सगळी पानं उलटी पडत. सगळी जनावरं डोळे मिटून बसत आणि महाराज एकटे पाणी पीत. मग ते ‘डोळे उघडा’ म्हणत. डोळे उघडले की एखादं चितळ कमी असे.

“आमची धाकटी दिसत नाही,” चितळीण म्हणाली.

“घरी गेली असेल,” कोल्हा म्हणाला.

“डोळे मिटलेल्याला हात लावायचा नाही, असा नियम आहे ना?”

“आहे ना. आम्ही तो काढलेला नाही. फक्त स्पष्ट केला आहे. विनाकारण हात लावायचा नाही. भूक हे कारण आहे.”

मात्र अशा घरी जाणाऱ्यांची संख्या वाढली, तेव्हा गवेआबालाही कुणाकुणाला उत्तर द्यावं लागू लागलं. त्याने सभा घेतली. सभेला गर्दी इतकी झाली की कोल्ह्याला घाम फुटला. निवडणूक जवळ आली होती. कोल्हा धावत महाराजांकडे गेला, आणि त्या संध्याकाळी महाराजांनी स्वतः घोषणा केली :

“माझ्या प्रिय जनावरांनो! तुम्ही म्हणता, रोज तुमचीच पानं उलटी का? रास्त प्रश्न आहे. तुमचं दुःख ते माझं दुःख. म्हणून उद्या मी इतिहासात कधीही न झालेली गोष्ट करणार आहे. उद्या सगळी पानं उलटी पडतील. हरणाचं उलटं, गव्याचं उलटं, आणि या वाघाचंही उलटं! ना कुणी वर, ना कुणी खाली. उद्या महासमतोल!”

जनावरं गहिवरली. राजा आपल्यासारखाच डोळे मिटून बसणार, याहून मोठी समता ती काय! रात्रीतून घोषणा तयार झाली : ‘मिटा डोळे, पाहा प्रगती!’ वानरांनी महासमतोलाचे खास पुडे काढले.

“आणि पाणी कोण पिणार?” साळूमावशीने विचारलं.

तिच्याकडे सगळ्यांनी अशा नजरेने पाहिलं की तिने स्वतःच काटे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं जंगल काळडोहावर जमलं. एकेक पान खडकावर उलटं पडत गेलं. हरणांनी डोळे मिटले. सशांनी मिटले, चारच्या वेगाने. वानरांनी आपली फळं पोटाखाली घेऊन मिटले. गवेआबाने मिटले. साळूमावशीने मिटले. शेवटी लाखेचा चमकता वाघ उलटा पडला, आणि महाराजांनी डोळे मिटले. टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणी वाजवल्या ते कुणी पाहिलं नाही.

टेकडीवरून काजळी हे बघत होती. तिचं पानच खेळात नव्हतं, त्यामुळे ते उलटं पडू शकत नव्हतं. एवढ्या जंगलात डोळे उघडे असलेली ती आणि ठिपक्या, दोघंच.

“चल,” ती ठिपक्याला म्हणाली.

दोघं उतरली. वाघाच्या समोरून गेली, रानडुकराच्या शेजारून गेली. ठिपक्याने पाण्यात तोंड घातलं. कितीतरी दिवसांनी. तो इतका प्यायला की त्याचं पोट नगाऱ्यासारखं झालं, आणि तरी पीत राहिला. काजळीने मान वर ठेवली होती. भेकरीची जात, पोर पीत असताना ती पीत नाही.

म्हणून तिला माणसं आधी दिसली.

चार माणसं होती. खांद्यावर जाळं, मागे बांबूचा मोठा पिंजरा. पाचोळ्यात पाय जपून टाकत येत होती. मग पुढचा थांबला.

“आरं, ह्ये बघ. समदी डोळं मिटून बसल्यात.”

“येडा हायेस का? जनावरं हायेत ती.”

“तूच बघ की. वाघ बी.”

त्यानंतर त्यांनी पाय जपून टाकणं सोडलं. एकाने बिडी पेटवली. ती डोहाच्या त्याच काठाने येत होती, जिथे ठिपक्या पाण्यात तोंड घालून उभा होता.

काजळीने पाय आपटला आणि ती भुंकली. मनातल्या मनात नव्हे. पोटातून भुंकली. तो आवाज पलीकडच्या कड्यावर आदळून परत आला. ठिपक्याने मान उचलली, माणसं पाहिली, आणि एका झेपेत करवंदीत गेला.

बाकी कुणी डोळे उघडले नाहीत.

“भेकर भुंकलं वाटतं,” चितळीण कुजबुजली.

“भेकराचं पान निवृत्त आहे,” कोल्हा डोळे मिटूनच म्हणाला. “त्यामुळे ते भुंकलेलं नाही. शांतता राखा.”

“माणसं आली आहेत!” काजळी ओरडली. “उठा! पळा!”

“अफवा पसरवू नये,” रानडुक्कर म्हणालं.

माणसांनी महाराजांवर जाळं टाकलं. महाराज जरा दचकले.

“सचिव, अंगावर काहीतरी पडलं.”

“शाल असेल, महाराज. आज सत्काराचा योग आहे.”

“आता मला कुणीतरी उचलतंय.”

“जनता आपल्याला खांद्यावर घेते आहे, महाराज! ऐतिहासिक क्षण आहे. डोळे मुळीच उघडू नका, समतोल मोडेल.”

“बरं, बरं,” महाराज म्हणाले. त्यांचा आवाज लांब लांब जात होता. “पण जनतेच्या अंगाला बिडीचा वास येतोय...”

पिंजऱ्याचं दार लागलं. माणसं गेली.

काठावर अंधार उतरला. मग गवेआबा म्हणाला, “सचिवसाहेब, डोळे कधी उघडायचे?”

“हुकूम फक्त महाराज देऊ शकतात, आबा. महाराज योग्य वेळी निर्णय घेतील.”

पण कोल्ह्याने थोडासा एक डोळा उघडला होता. त्याने राजाची रिकामी जागा पाहिली. मग त्याने आजूबाजूला पाहिलं. एकूण एक जनावर डोळे मिटून, तोंड राजाच्या दिशेने करून बसलं होतं. हात लावेल तिथे ससा. कोल्ह्याने खूप विचार केला. मग लाखेचा वाघ उचलून राजाच्या जागी खडकाला टेकून उभा केला, आणि घसा साफ केला.

“महाराज प्रसन्न आहेत,” तो म्हणाला. “महाराज म्हणतात, डोह काठोकाठ भरला आहे. गवत पोटाला लागतंय. दिसतंय ना?”

“दिसतंय,” रानडुक्कर म्हणालं.

“मलाही दिसतंय,” गवेआबा घाईने म्हणाला. “मला तर आधीपासूनच दिसत होतं.”

काजळी हळूच साळूमावशीजवळ गेली. हिच्याच बोटांनी आपलं पान कितीदा टाकलं होतं, हिच्यामुळे कितीदा आपलं पोर आधी प्यायलं होतं, ते ती विसरली नव्हती.

“मावशी,” ती म्हणाली, “डोळे उघडा. वाघ नाही. माणसं घेऊन गेली. तिथे नुसतं पान उभं केलंय.”

साळूमावशीने मान तिच्या आवाजाकडे वळवली.

“खरं असेल, पोरी,” ती म्हणाली. “तू आजवर खोटं भुंकली नाहीस. पण उद्या कुणी विचारलं, डोळे उघडायला कुणी सांगितलं, तर मी काय सांगू? तुझं तर पानच नाही.”

“मी आहे ना, मावशी. ही बघा, हात लावा.”

साळूमावशीने हात पुढे केला. तिचा पंजा काजळीच्या कपाळावरच्या रेघांवरून फिरला. मग तिने तो मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.

“तू जा गं. पोर एकटं असेल,” ती म्हणाली. डोळे तिने मिटलेलेच ठेवले.

त्याला आता बरेच दिवस झाले. डोळे उघडण्याचा हुकूम अजून निघालेला नाही. जंगलाचा कारभार सुरळीत चालू आहे. मधे निवडणूक झाली. लाखेचं पान प्रचंड मतांनी निवडून आलं. विरोधी पक्षनेत्याने निकालाचं स्वागत केलं, त्याची शिंगं आता अकरा आहेत. वानरं अजून पुडे विकतात, मात्र रंगवायचा त्रास त्यांनी सोडून दिला आहे. आत कोरी पानं असतात, आणि जो तो ती हातात घेऊन आपल्याला वाघ मिळाला असं सांगतो. सचिवसाहेबांची प्रकृती उत्तम आहे. त्यांचं वजन वाढलं आहे. घरी जाणाऱ्या सशांची संख्याही समाधानकारक आहे.

या उन्हाळ्यात काळडोह आटला. तळाचा चिखल आधी भेगाळला, मग वाळून उडून गेला. काजळी ठिपक्याला घेऊन पलीकडच्या खोऱ्यात निघाली. ठिपक्याला आता शिंगांची टेंगळं आली आहेत. टेकडीवर पोचल्यावर ती वळली आणि डोह आटला म्हणून तीनदा भुंकली. मग ठिपक्याही भुंकला. त्याचं ते पहिलंच. खाली सगळ्यांनी दोघांचं नीट ऐकलं.

संध्याकाळी समतोल समितीने खुलासा केला : डोहात पाणी मुबलक आहे. ज्यांना ते दिसत नसेल, त्यांनी आपले डोळे नीट मिटलेले आहेत ना, याची आधी खात्री करून घ्यावी.